आतड्याच्या कॅन्सरनंतर पुन्हा धावायला लागताना

माझ्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला, मग ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो झाली. आता मी शिवाजी पार्कला कट्ट्याच्या कडेने धावतो. नुकतीच केमो संपलेले लोक विचारतात, सुरुवात कशी करायची? म्हणून हे लिहितोय.

आधी सर्जनला विचारा: टाक्यांच्या जागी हर्निया नाही ना? पोटावर जोर कधीपासून चालेल? ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, ताजा सीबीसी (रक्ततपासणीचा रिपोर्ट) दाखवा. हिमोग्लोबिन कमी असेल तर तूर्त चालण्यावरच समाधान माना.

सलग अर्धा तास दम न लागता चालता आलं की धावणं. विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत हळू धावा, नंतरचे तीन खांब चाला. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आज किती धावलो यापेक्षा उद्या सकाळी उठताना कसं वाटतं ते बघा. केमोचा थकवा झोपून जात नाही, तो दुसऱ्या दिवशी अंगावर येतो. गळून गेल्यासारखं वाटलं तर पुढच्या वेळी एक खांब कमी. ताजंतवानं वाटलं तरी आठवडाभर तेवढंच. घड्याळातले आकडे तोवर विसरा.

सगळ्यात जास्त जपायचं ते पायांना. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे नसांना इजा होते. मुंग्या आणि बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो. बधिर तळव्याला खडा टोचलेला कळत नाही. त्यामुळे उजाडल्याशिवाय धावू नका, खाचखळग्यांची वाट टाळा, बूट झटकून घाला आणि घरी आल्यावर तळवे तपासा. माझे तळवे बायको बघते. तोल सुधारायला भिंतीला हात लावून रोज एका पायावर उभे राहा. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायामही आठवड्यातून दोनदा करा, मांड्यांची ताकद फार गेलेली असते.

उजवा भाग काढल्यावर शौचाला पातळ आणि घाईची होते. वाटेवरचं शौचालय किती वाजता उघडतं ते आधी बघून ठेवा, यात लाजण्यासारखं काही नाही. जुलाब असतील त्या दिवशी धावू नका, ओआरएस घ्या.

धावणं जमलंच नाही तर भरभर चाला, तेही मोलाचं आहे. आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांवरचा एक अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्या गटात पाच वर्षांनी सुमारे 80 टक्के लोक कॅन्सर न उलटता जिवंत होते. फक्त माहितीपत्रकं दिलेल्या गटात 74 टक्के. मला त्या आकड्यांनी फार बळ दिलं.

छातीत दुखलं, चक्कर आली, एकच पोटरी सुजली, टाक्यांपाशी फुगवटा दिसला, शौचातून रक्त गेलं किंवा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर धावणं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीतलं दुखणं थांबत नसेल तर फोनचीही वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.