फ्लोअर प्लॅन पुरेल का मेजर्ड सर्व्हेच करून घ्यायचा, कसं ठरवायचं

कुणालाही मेजरमेंटला बोलवायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, त्या ड्रॉइंगवरून कोणी काही तोडणार, बांधणार किंवा कापणार आहे का? नसेल, म्हणजे कोथरूडचा टू बीएचके भाड्याने द्यायचाय, विकायचाय, फार तर बेड आणि सोफा कुठे बसेल ते बघायचंय, तर साधा फ्लोअर प्लॅन भरपूर झाला. पण भिंत हलणार असेल, जुन्या बंगल्यावर मजला चढवायचा असेल किंवा पेठेतल्या वाड्याची दुरुस्ती काढायची असेल तर मेजर्ड सर्व्हे, म्हणजे सगळ्या इमारतीची बारकाईने मोजणी, करून घ्या, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

फ्लोअर प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर आडवं कापलं आणि वरून बघितलं तर जे दिसेल ते. खोल्यांची आतली लांबी-रुंदी लेझर मीटरने घेतात, कोपरे काटकोनात आहेत असं धरून चालतात, भिंतीची जाडी बऱ्याचदा अंदाजानेच टाकतात. घर समजायला तेवढं पुरतं.

मेजर्ड सर्व्हेत प्रत्येक मजल्याचा प्लॅन असतोच, पण सोबत सेक्शन (इमारत उभी कापली तर दिसेल ते), एलिव्हेशन (बाहेरून समोर दिसणारी बाजू), छताचा प्लॅन, जमिनीच्या लेव्हल, सिल (खिडकीची खालची कड) आणि लिंटेलची (दार-खिडकीवरची पट्टी) उंची, बीम खाली किती उतरलाय, जिन्याच्या पायऱ्या, हे सगळं येतं आणि मुख्य म्हणजे सगळ्या मजल्यांची मापं एकाच ठरलेल्या बिंदूला बांधलेली असतात, त्यामुळे खालची भिंत वरच्या भिंतीखाली आहे की नाही ते कळतं. टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवर लावून कोन आणि अंतर एकदम मोजणारं यंत्र, वापरतात, नाहीतर थ्रीडी स्कॅनर लावून लाखो बिंदू उचलतात, त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. स्कॅनरला फक्त समोर दिसतं तेच मिळतं हं, कपाटामागची भिंत किंवा प्लास्टरच्या आतला पाइप नाही. आणि इमारत किती भक्कम आहे हे तर सर्व्हे सांगतच नाही, त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरच पाहिजे.

वाड्यात हा फरक सगळ्यात जास्त कळतो. बऱ्याच वाड्यांत खाली दगडाची जाड भिंत आणि वर विटांची, ती बारीक होत गेलेली, म्हणजे वरची खोली खालच्यापेक्षा मोठी निघते, आणि कोणी खालचाच प्लॅन वर कॉपी केला की सुतार नवीन तुळई कापून आणतो ती आखूड पडते. जमिनी उतरत्या झालेल्या असतात, तुळया मधे वाकलेल्या, चौकाच्या चारही बाजू वेगवेगळ्या. असं घर फक्त लांबी-रुंदी लिहून कागदावर येऊच शकत नाही!

म्हणून हातात आलेलं ड्रॉइंग तपासून घ्या, त्यात अवघड काही नाही. एका खोलीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ९ बाय १२ फुटांची खोली खरंच काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण बरोबर १५ फूट यायला हवेत, एक १५ फूट ३ इंच आणि दुसरा १४ फूट ९ इंच आला तर खोली तिरकी आहे, मग ड्रॉइंगमधेही ती तिरकीच दिसायला पाहिजे. दुसरं म्हणजे बाहेरून पूर्ण लांबी घ्या, त्यातून आतल्या खोल्या आणि भिंती वजा करा, जे फूट-दीड फूट उरतं आणि कुठेच बसत नाही तिथे हमखास बुजवलेला कोनाडा, बंद डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) किंवा भिंतीच्या जाडीतली चूक असते. स्वतः मोजताना टेप एका कोपऱ्यात शून्यावर धरून सलग वाचत जा, तुकड्या-तुकड्यात मोजून बेरीज केली की दर मापातला अर्धा इंच साचत जातो.

महापालिकेचा मंजूर नकाशा म्हणजे सर्व्हे नाही. त्यात परवानगी कशाला मिळाली ते असतं, नंतर कोणी बाल्कनी आत घेतली असेल तर ती दिसत नाही, पण तो जवळ ठेवा कारण नवीन परवानगीच्या वेळी दोन्हीतला फरकच विचारला जातो. सिटी सर्व्हेची मोजणी पण वेगळी, ती जागेच्या हद्दीची. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर सगळे फ्लॅट एकाच व्याख्येने मोजायला सांगा, रेरा कायद्याच्या कार्पेट एरियात आतल्या पार्टिशन भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणा.

कोटेशन घेताना लिहूनच घ्या की कुठली ड्रॉइंग मिळणार, सेक्शन किती आणि कुठून, स्केल १:५० का १:१००, किती मिलिमीटरपर्यंत अचूक, आणि नुसती पीडीएफ नको, कॅड फाइल (कॉम्प्युटरवर उघडून बदलता येणारं ड्रॉइंग) पण हवी. सर्व्हेच्या दिवशी भाडेकरूंच्या खोल्या, माळे, गच्ची सगळं उघडं ठेवा. एखादी खोली उघडलीच नाही तर ती अंदाजाने काढू देऊ नका, तुटक रेषेने दाखवून 'मोजलेली नाही' असं ड्रॉइंगवरच लिहायला लावा.