दोन फटक्यांच्या मधलं गोल्फ

गोल्फच्या अठरा होलांना, म्हणजे बॉल खड्ड्यात घालायच्या अठरा टप्प्यांना, साधारण चार तास लागतात. शंभर फटके मारले आणि एका स्विंगला, म्हणजे काठी फिरवायला, दोन सेकंद धरले, तर खेळ साडेतीन मिनिटांतच आटोपतो. उरलेला वेळ आपण चालतो, थांबतो आणि डोक्यात नको ते शिजवत राहतो. स्विंग शिकवणारे ढिगाने आहेत. मी सांगतेय ते या उरलेल्या वेळाचं.

मी मडगावची, बँकेतून निवृत्त. खेळते काणकोणला, राजबागच्या नऊ होलांच्या मैदानावर. अठरा हवे असतील तर तेच नऊ दोनदा फिरायचे, आणि मन नेमकं इथेच दगा देतं. सकाळी जिथे बॉल झाडीत घातला, तोच होल दोन तासांनी पुन्हा समोर उभा. पाय पोचायच्या आधी भीती तिथे पोचलेली असते. अशा वेळी पहिल्या फेरीतला क्लब, म्हणजे तेव्हा वापरलेली काठी, आठवूच नका. पावसाळा सोडला तर इथे सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारकडे उलटा फिरतो. म्हणजे होल तोच असला तरी फटका तो नव्हे. माडांचे शेंडे बघा, चिमूटभर गवत उडवून पाहा, मगच बॅगेत हात घाला. नजरेला काम मिळालं की भीतीला फारशी जागा उरत नाही.

‘झाडीत जाऊ नको’ असं स्वतःला बजावलंत की डोळ्यांपुढे झाडीच येते. त्यापेक्षा बॉल कुठे पाठवायचाय ते ठरवा, तेही बारीक. ‘मधोमध’ नव्हे, ‘त्या वाकड्या माडाचा बुंधा’. मग बॉलच्या मागे उभं राहून त्याच रेषेत हातभर पुढे एखादं सुकं पान किंवा गवताचा झुबका हेरा आणि क्लबचं तोंड त्याच्याशी जुळवा. अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू जॅक निकलॉस हेच करायचा. लांबच्या झाडापेक्षा जवळच्या पानावर नेम धरणं सोपं. एक सरावाचा स्विंग, एक पूर्ण उच्छ्वास, आणि मारा. हा क्रम दर वेळी तोच ठेवा, पट, म्हणजे खड्ड्याजवळचा घरंगळता फटका, दोन फुटांचा असला तरी.

फटका बिघडला तर चिडा. देवासारखं शांत राहायचा आव मला पटत नाही. फक्त क्लब बॅगेत गेला की विषय बंद. इथला एक म्हातारा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, एवढंच म्हणतो, ‘पात्रांव (मालक), गेलो तो गेलो,’ आणि पुढे चालू लागतो.

आता हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. तुमचा चोवीस असेल तर प्रत्येक होलला एक फटका जादा मिळतो, सगळ्यांत कठीण सहा होलांना दोन. म्हणजे अशा होलवर कार्डावर पार (चांगल्या खेळाडूला लागणारे फटके) चार छापलेला असला तरी तुमचा पार सहा. होल सुरू करण्याआधी हा स्वतःचा आकडा मनात म्हणा. ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, दोन फटक्यांत गाठायचा हट्ट आपोआप सुटतो. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला फ्रान्सच्या जाँ व्हान द वेल्डला शेवटच्या होलवर सहा पुरले असते. तरीही त्याने टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, ड्रायव्हर हा सगळ्यांत लांब फटक्याचा क्लब काढला, दुसरा फटकाही लांबचाच मारला, बॉल पुढे ओढ्यात गेला, शेवटी सात झाले. बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे जादा होलांच्या लढतीत, पॉल लॉरी जिंकला. स्विंग काय त्या एका होलपुरता मोडला होता?

फेरी संपेपर्यंत बेरीज मात्र करू नका. मला बँकेच्या सवयीने हे सगळ्यांत जड गेलं, म्हणून आता कार्ड जोडीदाराच्या खिशात असतं.

छोट्या पटला बहुतेकांची मान बॉलच्या आधी होलकडे वळते आणि खांदे तिच्यामागून फिरतात. बॉल जिथे होता तिथल्या गवतावर नजर ठेवा आणि कान लावा. पडल्याचा टक् आवाज आला की बघा.

फेरी सुरू करण्याआधी पटिंग ग्रीनवर, म्हणजे पटच्या सरावाच्या हिरवळीवर, तीन बॉल घेऊन सराव करणारे पुष्कळ दिसतात. शेवटची पाच मिनिटं एकच बॉल ठेवा. तीन असले की पहिला चुकला तरी काही बिघडत नाही, हे मनाला ठाऊक असतं. पूर्ण क्रम करून एकदाच मारा, उरलेलं अंतरही मारून संपवा आणि जागा बदला. शेवटचा गेला नाही तरी चालेल, तसंच पहिल्या टीवर जा.