ओढ्याकाठच्या भिंतीवर वस्तीने मिळून चित्र कसे काढावे

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर-सहकारनगर परिसरात घरांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. अशा ओढ्याकाठी एखादी मोठी भिंत रिकामी असेल, तर वस्तीने मिळून तिच्यावर चित्र काढावे. मात्र ते केवळ शोभेचे होऊ नये. ‘पाणी वाचवा’, ‘स्वच्छ पुणे’ अशा घोषणा डोळ्यांना इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्यांपुढे कोणी थांबत नाही. म्हणून रंग आणण्याआधी वस्तीची एकच नेमकी मागणी ठरवावी, उदाहरणार्थ, पावसाळ्यापूर्वी ओढ्यातला गाळ आणि राडारोडा उचलला जावा.

त्यानंतरचे काम ऐकण्याचे आहे आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. त्या रात्री पाणी कुठवर आले होते, हे घरोघरी विचारून प्रत्येकाला ती उंची खडूने दाखवायला सांगावी आणि शेजारच्या दोन-तीन घरांशी जुळलेली खूणच पक्की धरावी. ज्यांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला आहे, अशा ज्येष्ठांनाही बोलते करावे, कारण पाणी किती झपाट्याने चढते हे ते आजही हाताने दाखवतात. कचरावेचक भगिनींना आवर्जून बोलवावे. ओढ्यात काय, कुठून आणि कोणत्या दिवसांत येऊन पडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. चित्रकाराने तयार आराखडा घेऊन येऊ नये. लोकांनी सांगितलेले आणि मुलांनी कागदावर रेखाटलेले एका चित्रात जुळवणे, हेच त्याचे कौशल्य आहे.

भिंत खाजगी असल्यास मालकाची, सार्वजनिक असल्यास महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे.

रंगकामास दिवाळीनंतरचे दिवस योग्य, कारण पावसाने मुरलेली ओल तोवर सुकते. ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटतो. शेवाळ आणि सुटा गिलावा तारेच्या ब्रशने खरवडून काढावा, भेगा बुजवाव्यात आणि प्रायमर पूर्ण वाळू द्यावा. मग गेरूत भिजवलेली सुतळी दोघांनी भिंतीवर ताणून धरावी आणि मधोमध ओढून सोडावी, की सरळ लाल रेघ उमटते. अशा रेघांनी भिंतीवर एकेक फुटाच्या चौकटी आखून, कागदावरच्या चित्रावरही तितक्याच चौकटी पाडाव्यात. आता चित्रकला न येणाऱ्यालाही आपल्या चौकटीतले तेवढे उतरवता येते, प्रत्येक घराला आपल्या चौकटी मिळतात, खालच्या चौकटी मुलांकडे जातात आणि कडा जुळवण्याचे काम चित्रकाराकडे राहते. पुराची रेघ मात्र पक्क्या खुणेच्या उंचीवरच, तारखेसह आणि ठळक निळ्या रंगात ओढावी. शेजारून जाणाऱ्या माणसाला पाणी आपल्या कमरेइतके होते की डोक्यावरून, हे तिथे उभ्या उभ्या कळले पाहिजे.

बाहेरच्या भिंतींचे ॲक्रिलिक रंग वाळल्यावर प्लॅस्टिकचाच थर होतात, त्यामुळे ब्रश ओढ्यात किंवा पावसाळी गटारात मुळीच धुऊ नयेत. धुण्याचे पाणी बादलीत रात्रभर निवळू द्यावे, वरचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे आणि तळाचा गाळ वाळवून ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्यावा. ओढ्यासाठी काढलेल्या चित्राने ओढाच रंगवला जावा, हे कोणालाच पटणार नाही.

चित्र पूर्ण झाल्यावर रेघेसह त्याचे छायाचित्र काढून नालेसफाईच्या अर्जाला जोडावे, त्यावर वस्तीतील सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि तो एप्रिलपूर्वीच क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी. त्यानंतर दर वर्षी भिंतीच्या कोपऱ्यात राखून ठेवलेल्या चौकटीत गाळ काढल्याची तारीख रंगवावी. काम झाले नसेल, तर त्या वर्षाची चौकट कोरी ठेवावी.