युफोर्बिया मिली कुंडीत कशी लावावी

ऊन नीट येत असेल तर गच्चीवर जवळजवळ बारा महिने फुलणारं, चार दिवस गावाला गेलात तरी न रुसणारं झाड म्हणजे युफोर्बिया मिली. मूळची मादागास्करची. मिलियस नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १८२१ मध्ये ती फ्रान्सला नेली, त्याचंच नाव तिला मिळालं. आपल्याकडचा शेर आणि त्रिधारी निवडुंग तिच्याच कुळातले. ही झाडं पाण्यावाचून सहसा मरत नाहीत, मरतात ती जास्त पाण्याने. म्हणून खरी मेहनत कुंडी भरतानाच घ्यायची.

आठ-दहा इंचांची मातीची कुंडी घ्या. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा, त्यावर विटांचे बारीक तुकडे. मग एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत. पाणी ओतल्यावर ते वर न साचता खालून लगेच बाहेर आलं पाहिजे; थांबत असेल तर वाळू वाढवा.

रोप फांदीपासूनच करा, सोपं आहे. फेब्रुवारी-मार्च उत्तम. हातमोजे घाला आणि तीन-चार इंचांचा शेंडा धारदार कात्रीने कापा. कापताक्षणी पांढरा चीक टपटप गळू लागतो. तो त्वचेला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फारच त्रास होतो, तेव्हा मुलांना लांब ठेवा. डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. शेंड्याचं टोक पाण्यात बुडवलं की चीक थांबतो. नंतर तो शेंडा सावलीत तसाच पडू द्या. तीन-चार दिवसांत कापलेली बाजू सुकून कडक होते. बरेच जण इथे घाई करतात आणि ओली फांदी मातीत कुजते. सुकलेली फांदी दोन इंच खोल रोवा, माती जेमतेम ओलसर ठेवा. साधारण महिना-दीड महिन्यात मुळं धरतात.

रोज किमान पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत पानं भरपूर येतात, फुलं नाहीत. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर रंगीत पानंच. खरी फुलं मधोमध, इवलीशी असतात. फुलोरा शेंड्याकडच्या नव्या वाढीवर येतो, म्हणून उंच वाढलेल्या फांद्या छाटल्या की झाड पसरतं आणि फुलंही वाढतात.

वरची इंचभर माती सुकली की पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी छपराखाली पण उजेडात सरकवा, विशेषतः मोठ्या फुलांच्या थाई जाती. बुंधा अंगठ्याने दाबून बघत जा. मऊ लागला तर सड सुरू झाली आहे. वरचा निरोगी भाग कापून, सुकवून नव्याने लावा.