पऱ्हाटीचा बायोचार करताय? या चुका टाळा

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भ-मराठवाड्यात धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे उपटलेल्या कापसाच्या झाडांचे, ढीग लागतात आणि त्यातल्या बऱ्याच ढिगांना सरळ काडी लावली जाते. त्यापेक्षा बायोचार, म्हणजे हवा कमी ठेवून जाळून केलेला, जमिनीत मिसळायचा कोळसा, केव्हाही चांगला. हलक्या, मुरमाड जमिनीत तो ओल धरून ठेवतो आणि शेणखतासारखा दोन-तीन हंगामांत जिरून जात नाही. पण पहिल्या वर्षी फरक दिसला नाही की लोक भट्टी सोडून देतात, आणि मला याचंच वाईट वाटतं. कारण चूक बहुतेक वेळा तो करताना नाहीतर टाकताना झालेली असते.

कोळशाऐवजी राख हाती येते

उघड्यावरच्या ढिगाला चहूबाजूंनी हवा लागते, म्हणून त्याची राख होते. त्यावर सोपा उपाय म्हणजे शंकूसारखा खड्डा: वर पाच फूट रुंद, तळाला दोन फूट, खोली अडीच फूट. तळाशी थोडी पऱ्हाटी रचून ती वरून पेटवा. काड्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर टाका. वरची ज्योत हवा ओढून घेते, त्यामुळे खालचा कोळसा जळत नाही. थर घाईने टाकला तर धूर होतो, उशिरा टाकला तर राख. म्हणून खड्डा भरेपर्यंत तिथून हलू नका. माल थोडा असेल तर २०० लिटरच्या पिपाची भट्टी बरी. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तशी भट्टी विकसित केली आहे.

पऱ्हाटी काडकन मोडली पाहिजे. वाकत असेल तर ती ओली आहे. धूर होईल आणि कोळशावर डांबर बसेल. असा कोळसा बोटांवर चोळला तर तेलकट लागतो, डाग पाण्याने निघत नाही. तो पुन्हा भट्टीत टाका, शेतात नको. मात्र वाळवायची म्हणून पऱ्हाटी उन्हाळाभर रचून ठेवू नका. तिला लटकलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असते. जानेवारी-फेब्रुवारीत उपटा, चांगली वाळली की भट्टी लावा. तेव्हा विहिरीलाही पाणी असतं, आणि विझवायला पाणी भरपूर लागतं. पाणी कमी असेल तर खड्डा ओल्या मातीने पूर्ण लिंपून घ्या. वरून गार दिसणारा ढीग आतून धुमसत असतो. दुसऱ्या दिवशी पसरून, हात लावून बघितल्याशिवाय पोत्यात भरू नका.

कडबा, कुटार, जनावरं जे खातात ते भट्टीत घालूच नका.

कोरा बायोचार शेतात फेकणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. भट्टीत नत्र बहुतांश उडून जातं. उरतं ते थोडं पालाश, थोडं स्फुरद आणि भरपूर छिद्रं. ही रिकामी छिद्रं जमिनीतलं अन्न आधी स्वतः धरून ठेवतात. म्हणून बारीक कुटून तेवढ्याच शेणखतात मिसळा आणि तीन-चार आठवडे ओलसर ठेवा. त्याहून सोपं म्हणजे गोठ्यात जनावरांखाली पसरणं. गोमूत्र वाया जात नाही, वासही कमी होतो. मग तो उकिरड्यात जाऊ द्या आणि खताबरोबरच शेतात न्या. कुटताना आधी पाणी शिंपडा, तोंडाला फडकं बांधा. ही धूळ छातीत जाते.

एकरभर पसरणं

इथे जरा हिशेब करू. कोरडवाहू कापसाची वाळलेली पऱ्हाटी एकरी आठ-दहा क्विंटल धरली, तर खड्ड्यातून तिच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका, म्हणजे दोन क्विंटलच्या आसपास बायोचार मिळतो. संशोधनातल्या मात्रा बहुधा हेक्टरी काही टनांच्या असतात. हेक्टरी ५ टन म्हणजे एकरी २० क्विंटल! दोन क्विंटल माल एकरभर उधळला तर फरक दिसणार कसा? म्हणून तो मुळाजवळ द्या. कापूस टोकायच्या जागी खत मिसळलेला ओंजळभर, सीताफळ-लिंबाच्या खड्ड्यात घमेलंभर, नाहीतर दरवर्षी एकच चार-पाच गुंठ्यांचा पट्टा. मृगाच्या आधी शेवटच्या पाळीबरोबर मातीत मिसळा. वर उघडा राहिला तर हलका असल्याने वाऱ्याने उडतो, पहिल्या जोराच्या पावसात वाहून जातो.

चुनखडीच्या जमिनीत जास्त टाकणं

बायोचार स्वतः विम्लधर्मी असतो. आम्लधर्मी जमिनीत त्याचा हा गुण कामी येतो. पण आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींचा सामू (पीएच) आधीच आठच्या वर आहे. मृदा आरोग्य पत्रिका काढून बघा. सामू साडेआठच्या जवळ असेल, रान चुनखडीचं असेल, तर हात आखडता घ्या आणि कंपोस्टवर भर द्या. राखमिश्रित माल तर अशा रानात नकोच.

पीक पिवळं पडलं तर

आधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा. खालची, जुनी पानं फिकट पडली असतील तर नत्र कमी पडलंय, बायोचार कोरा गेलेला असू शकतो. २ टक्के युरियाची फवारणी घ्या. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. सोयाबीन, भुईमुगात हे चुनखडीच्या रानात नेहमी दिसतं, ०.५ टक्के फेरस सल्फेट फवारा. दोन्ही फवारण्या जमिनीत ओल असताना आणि ऊन उतरल्यावर घ्या.

पेरणीनंतर लगेच मारायचं तणनाशक अशा पट्ट्यात कमी चालतं, कारण बायोचार ते धरून ठेवतो. तिथे डवरणी-खुरपणीची तयारी ठेवा. शेजारी दोन तासं बायोचारशिवाय सोडा. पावसाने दहा-बारा दिवस उघडीप दिली की दोन्हीकडे वीतभर उकरून मातीची मूठ वळून बघा. उत्पन्नातला फरक पहिल्या वर्षी दिसो न दिसो, ओलीतला तिथेच कळेल.