परभणीच्या उन्हात गॉथ मेकअप टिकवला, कसा ते सांगते

ऐंशीच्या दशकातला ट्रॅड गॉथ लूक, म्हणजे गॉथ रॉक संगीतवाल्यांचा तो जुना काळाकुट्ट अवतार, करायचा होता, लंडनला 1982 मध्ये बॅटकेव्ह हा गॉथ लोकांचा क्लब सुरू झाला त्या काळातला, सूझी सू या ब्रिटिश गायिकेसारखे डोळे, कानशिलापर्यंत ओढलेलं लाइनर, पांढरा चेहरा. पण इथं एप्रिलमध्ये काजळ लावलं की अर्ध्या तासात गालावर उतरायलं. काजळात तेल अन् मेण असतं, गरमीनं ते पातळ होणारच, त्यात पुन्हा काजळच थापून काही उपयोग नाही. मग काय केलं, पापणीवर आधी पावडर, त्यावर काळी पेन्सिल, अन् लगेच चपट्या ब्रशनं मॅट काळा आयशॅडो दाबून बसवला, घासायचा नाही हां, नुसता दाबायचा, कोरडी पावडर तेल धरून ठेवती. कोपऱ्याची धार काढायला सेलोटेप, आधी हातावर चिकटवून चिकटपणा कमी केलेली. चेहऱ्याला सफेदा नको, आपल्या सावळ्या रंगावर राखाडी दिसतो, दोन शेड हलकं फाउंडेशन बास झालं. आई म्हणली "कोणत्या नाटकात काम धरलं गं?" जगात जर्मनी, भारतात परभणी, गॉथ पण इथंच होणार की! काढताना खोबरेल तेल, मग फेसवॉश, तरी दुसऱ्या दिवशी थोडं काळं राहतंच.