कॅमेऱ्याचा पट्टा निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

दुकानात कॅमेऱ्याचा पट्टा पाहताना बहुतेकांचा हात आधी खांद्यावर येणाऱ्या गादीकडे जातो. ती मऊ आहे, रुंद आहे आणि रंगही बरा आहे एवढे दिसले की पसंती होते. पट्ट्याला कॅमेऱ्याशी जोडणारी कडी, बकल किंवा स्क्रू यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. प्रत्यक्षात पट्टा गादीपाशी क्वचितच तुटतो, तो दगा देतो जोडावर. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटातली हवासुद्धा ओली असते, उरलेल्या काळात घाम पाठ सोडत नाही आणि किनारपट्टीला खारा वारा बारमाही. त्यामुळे इथे हे जोड कोरड्या प्रदेशापेक्षा लवकर थकतात, आणि म्हणूनच या लेखात गादीपेक्षा जोडांविषयी अधिक लिहिले आहे.

तरीही आरामाचा हिशेब आधी उरकून घेऊ, कारण तो सोपा आहे. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्स वगळून उरलेला कॅमेरा, साधारण ६५० ते ७५० ग्रॅमची असते आणि २४-७० एफ/२.८ झूम लेन्स ७०० ते ९०० ग्रॅमची. म्हणजे दीड किलो वजन. कॅमेऱ्यासोबत खोक्यात आलेला अरुंद पट्टा हे वजन मानेच्या मागच्या मणक्यांवर टाकतो. पणजीत शिमगोत्सवाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारे जथे) आणि चित्ररथ टिपत तेवढा वेळ उभे राहणाऱ्याची मान दुखली, तर दोष वयाचा नसून पट्टा घालण्याच्या पद्धतीचा असतो. तोच भार एका खांद्यावरून छातीवर तिरका घेतला की तो खांदा, पाठ आणि कंबर यांत वाटला जातो. चारशे ग्रॅमच्या छोट्या कॅमेऱ्याला मात्र हा खटाटोप नको, दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची साधी पट्टी पुरेशी होते.

निओप्रीनच्या, म्हणजे फोमसारख्या कृत्रिम रबराच्या, ताणणाऱ्या गादीविषयी एक सावधगिरीची सूचना. दुकानात ती हलकी भासते, कारण ती ताण गिळते. पण चालू लागल्यावर प्रत्येक पावलागणिक कॅमेरा वरखाली झोके घेतो आणि एप्रिलच्या उन्हात तिच्याखाली मान अक्षरशः भिजते. जड लेन्ससाठी न ताणणारी, आतल्या बाजूने जाळीदार असलेली गादी मला अधिक योग्य वाटते.

बकलमध्ये पट्टी ओवण्यातली चूक

कॅमेरा पडण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण येथे आहे, म्हणून पट्टी कशी ओवायची ते सविस्तर सांगतो. पट्टीचे टोक आधी सरकत्या छोट्या अडकवणीतून घ्यावे, मग कॅमेऱ्याच्या कडीतून बाहेर काढून पुन्हा त्याच अडकवणीतून मागे आणावे आणि शेवटी बकलच्या दोन्ही फटींतून, तिथे आधीच असलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूने न्यावे. असे केल्यावर भार येताच वरची पट्टी खालच्या टोकाला दाबून धरते. पुष्कळ जण अडकवणी वगळतात किंवा टोक बकलच्या एकाच फटीतून काढून थांबतात. घरी ओढून पाहिल्यावर असा जोड घट्टच वाटतो, पण नव्या नायलॉनची पट्टी गुळगुळीत असते आणि झोक्यांबरोबर ती रोज थोडी थोडी सरकत राहते. बकलबाहेर किमान पाच सेंटिमीटर टोक शिल्लक ठेवावे आणि ओवून झाल्यावर कॅमेरा गादीवर किंवा बिछान्यावर अगदी खाली धरून पट्ट्याला दोन-चार जोरदार हिसके द्यावेत. पहिल्या दिवसाच्या वापरानंतर टोकाची लांबी पुन्हा पाहावी. ती कमी झाली असेल, तर ओवण्यात चूक आहे असे समजावे.

ज्या कॅमेऱ्यांना सपाट फटीऐवजी गोल छिद्राची कडी असते, त्यांना त्रिकोणी किंवा गोल रिंग लावावी लागते. ही रिंग हरवली म्हणून बाजारातली चावीची रिंग घालणे ही चूक आहे. तिची तार बारीक असते, ती हळूहळू उघडते आणि मिरामारच्या वाऱ्यात काही आठवड्यांतच तांबूस होऊ लागते. मूळ रिंगेखाली असलेला प्लास्टिकचा किंवा रेक्झिनचा छोटा तुकडाही काढून टाकू नये, कारण बॉडीवर ओरखडे पडू न देणे हेच त्याचे काम आहे.

खालच्या स्क्रूवर आंधळा विश्वास

तिरक्या पट्ट्यांपैकी अनेक पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशी, ट्रायपॉडच्या (तिपाईच्या) छिद्रात बसतात. तेथे पाव इंची स्क्रू असतो आणि त्याला एका इंचात २० आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा १.२७ मिलिमीटरचा. हा स्क्रू कॅमेऱ्याच्या आत जेमतेम चार-पाच मिलिमीटर जातो; सारी पकड तीन-चार फेऱ्यांची. चालताना कॅमेरा कमरेपाशी गिरक्या घेतो आणि प्रत्येक गिरकी स्क्रूला किंचित फिरवते. त्यामुळे रबरी वॉशर असलेलाच स्क्रू घ्यावा, तो रोज बाहेर पडण्यापूर्वी नाण्याने किंवा चावीने आवळावा, आणि बॉडीच्या वरच्या कडीतून एक आखूड दोरी मुख्य पट्ट्याला जोडावी, म्हणजे स्क्रू सुटला तरी कॅमेरा लोंबकळत राहील. स्क्रू पक्का राहावा म्हणून त्यावर चिकटद्रव ओतण्याचा सल्ला काही जण देतात. कॅमेऱ्याच्या छिद्रात तसे करू नये, एवढेच सुचवतो.

७०-२०० एफ/२.८ सारखी लेन्स एकटीच एक ते दीड किलोची असते. ती लावलेली असताना पट्टा बॉडीच्या तळाला न जोडता लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला (लेन्सभोवतीच्या, ट्रायपॉडला बसणाऱ्या कड्याला) जोडावा. नाहीतर सगळा भार बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात त्या माउंटवर येतो.

दाबून सुटणारे झटपट जोड सोयीचे आहेत, पण त्यांची खोबण वाळूने भरते. मोरजी किंवा आगोंदच्या वाळूत बॅग ठेवल्यावर जोड बसवताना ‘टक्’ असा आवाज आला नाही, तर तो बसला असे गृहीत धरू नये. खोबण फुंकून साफ करावी आणि पुन्हा बसवून ओढून पाहावे. ज्या जोडांत बारीक दोरीचे फास असतात, त्यांपैकी काहींत बाहेरचे वेष्टण झिजल्यावर आतला वेगळ्या रंगाचा धागा दिसू लागतो. तो दिसला की फास त्याच दिवशी बदलावा.

प्रसंग न पाहता पट्टा घेणे

मनगटाचा पट्टा शहरात फिरताना छान, फोंताईन्यासच्या अरुंद गल्लीत तर फारच सोयीचा. परंतु माशेलच्या चिखलकाल्यात, जिथे खेळणारे अंगाला तेल चोळून चिखलात उतरतात आणि त्यांचा धक्का केव्हाही लागू शकतो, तिथे हात निसरडा झाला की सैल फासाचा पट्टा मनगटावरून सहज निसटतो. फास आवळून धरणारी सरकपट्टी असेल तरच असा पट्टा तिथे न्यावा.

चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीतून खारफुटीकडे जाताना एकाच खांद्यावर टांगलेला कॅमेरा हमखास घसरतो, कारण पक्षी दिसला की माणूस कडेला झुकतो आणि खांदा आपोआप उतरतो. तिथे पट्टा तिरकाच हवा, आणि इतका आखूड की कॅमेरा कमरेच्या हाडाच्या खाली जाणार नाही. लांब पट्ट्यावरचा कॅमेरा फेरीबोटीच्या कठड्यावर आपटतो तो वेगळाच.

स्कूटरवर किंवा पायलटच्या (गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून जाताना कॅमेरा गळ्यात ठेवणे ही मात्र आरामाची नव्हे, जिवाची बाब आहे. पडल्यास कॅमेरा छातीवर आदळतो आणि पट्टा कशात अडकला तर मानेला ओढ बसते. कॅमेरा बॅगेत ठेवावा आणि पट्ट्याची टोकेही आत घ्यावीत, कारण बाहेर लोंबणारी पट्टी चाकात जाऊ शकते. चोराने कापू नये म्हणून आत पोलादी तार घातलेले पट्टे मिळतात. दुचाकीच्या या मुलखात गळ्याभोवती न तुटणारी तार बाळगणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

मीठ, घाम आणि बुरशी

कातडी पट्टा दिसायला देखणा असतो, पण जुलैत तो कपाटात ठेवला की पंधरवड्यात त्यावर पांढरी बुरशी चढलेली दिसते. शिवाय घामाने काही कातड्यांचा रंग सदऱ्याला लागतो. सुती पट्टा भिजल्यावर तासन्‌तास वाळत नाही. नायलॉन मजबूत आहे, मात्र ते पाणी शोषते आणि ओले असताना त्याची ताकद थोडी घटते. पॉलिएस्टर पाणी कमी शोषते आणि उन्हातही अधिक टिकते, म्हणून किनाऱ्यावर नेहमी जाणाऱ्याने तेच निवडावे. धातूच्या भागांत चकचकीत मुलामा दिलेले लोखंड टाळावे. स्टेनलेस स्टीलमध्ये ३१६ हा प्रकार खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा चांगला टिकतो, पितळही चालते. दुकानदाराला धातूचा प्रकार सांगता येत नसेल, तर लोहचुंबक लावून पाहावे. तो घट्ट चिकटला तर आत साधे लोखंड असण्याची शक्यता मोठी.

किनाऱ्यावरून आल्यावर पट्टा कॅमेऱ्यापासून काढून गोड्या पाण्यात खळबळावा आणि सावलीत टांगावा. कातडी पट्टा मात्र पाण्यात न घालता ओलसर फडक्याने पुसावा. पट्टा कॅमेऱ्यावर तसाच ठेवून नुसता पुसला, तर मीठ नेमके कडीच्या आतल्या वळणात राहते.

पट्टा सहज काढता येण्याचा आणखी एक फायदा दोना पावलाला संध्याकाळी दिसतो. ट्रायपॉडवर दोन-तीन सेकंदांचे एक्स्पोजर घेताना लोंबणारा पट्टा वाऱ्यात फडफडतो, कॅमेरा हलवतो आणि चित्र धूसर येते. लोक दोष ट्रायपॉडला देतात.

बोटांना मुंग्या येत असतील, तर पट्ट्याची कड गळ्याच्या आणि खांद्याच्या मधल्या खळग्यात रुतते आहे का ते पाहावे. तो खांद्याच्या बाहेरच्या बाजूला सरकवावा, खांदा बदलावा, आणि तरीही मुंग्या राहिल्या तर वैद्यांना दाखवावे. पट्टा सतत पिळत असेल, तर दोन्ही बाजूंची पट्टी एकाच दिशेने ओवलेली नाही असे समजावे. आणि कडीपाशी जिथे पट्टी दुमडते तिथे धागे पिंजारले असतील, चौकोनी शिवणीतला एखादा टाका उसवला असेल किंवा बकलला केसाएवढी भेग असेल, तर पट्टा शिवून घेण्याच्या फंदात पडू नये. तो मधोमध कापूनच टाकावा, म्हणजे घरातले दुसरे कोणी उचलून आपल्या कॅमेऱ्याला लावणार नाही.